मालदीवचा वॉटर व्हिला निवडताना: आधी बेट, मग खोली

मालदीवचं बुकिंग करताना बहुतेक जण खोलीच्या फोटोवर भुलतात. निळंशार पाणी, त्यात खांबांवर उभी झोपडी, डेकवरून थेट समुद्रात उतरणारा जिना. हा फोटो तिथल्या जवळजवळ प्रत्येक रिसॉर्टकडे आहे आणि सगळीकडे तो सारखाच दिसतो. फरक असतो तो फोटोच्या चौकटीबाहेर. बेट केवढं आहे, तिथवर पोहोचायला किती वेळ आणि किती डॉलर लागतात, त्या जिन्याखाली वाळू आहे की प्रवाळ, आणि संध्याकाळी जेवायला किती ठिकाणं आहेत.

मालदीवची रीत अशी की एका बेटावर एकच रिसॉर्ट. गोव्यात हॉटेलचं जेवण पसंत पडलं नाही तर उठून शेजारच्या शॅकमध्ये बसता येतं, कंटाळा आला तर स्कूटर काढून दुसऱ्या किनाऱ्यावर जाता येतं. इथे बोटीतून उतरलात की जेवण, पाण्याची बाटली, पोहण्याचा चष्मा, डोकेदुखीची गोळी, सगळं त्याच एका मालकाकडून आणि त्याच्याच दराने. म्हणून मी कुणी सल्ला विचारला की क्रम उलटा करायला सांगतो. बेट आधी ठरवा, खोली शेवटी.

पाण्यावरच्या खोल्यांची कल्पना मुळात मालदीवची नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर तीन अमेरिकन मित्रांचं हॉटेल होतं. तिथे चांगली पुळण नव्हती, तेव्हा १९६७ मध्ये त्यांनी खोल्याच पाण्यात उभ्या केल्या. मालदीवमधलं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ मध्ये सुरू झालं. आज तिथे १७० पेक्षा जास्त रिसॉर्टं आहेत आणि बहुतेकांकडे वॉटर व्हिला आहेत. मुंबईहून ताहिती-बोरा बोरा म्हणजे दोन-तीन विमानं बदलून जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणं, तर मालदीवची राजधानी माले थेट विमानाने तीनएक तासांवर. तेव्हा पुढचं सगळं मालदीवबद्दल.

तारखा: सुट्टी आपली, वारा त्यांचा

मालदीवमध्ये दोनच ऋतू मोजायचे. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वारे, म्हणजे कोरडी हवा आणि शांत समुद्र. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर नैऋत्य मोसमी वारे, म्हणजे पाऊस, वारा, मधूनच खवळलेलं पाणी. आपल्याकडे जूनमध्ये येणारा पाऊस तिथे मे महिन्यातच पोहोचलेला असतो, हे शाळेच्या सुट्टीचं बुकिंग करणारे हमखास विसरतात. मुलांची परीक्षा एप्रिलमध्ये संपत असेल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा मेच्या तिसऱ्या आठवड्यापेक्षा नक्कीच बरा. उन्हाचा चटका मात्र बसतो, आणि दुपारी वॉटर व्हिलाच्या लाकडी डेकवर अनवाणी उभं राहवत नाही.

दिवाळीची सुट्टी मधल्या काळात येते. पाऊस ओसरत असतो आणि दर अजून चढलेले नसतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात फायद्याचा वाटतो, अर्थात शाळेची अडचण नसेल तर. नाताळ ते ६-७ जानेवारी हा काळ शक्यतो टाळा. दर कधीकधी दुप्पट होतात, किमान पाच-सात रात्रींची अट येते, आणि २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं 'गाला डिनर' सक्तीचं असतं, ज्याचे पैसे माणशी वेगळे.

पावसाळा अगदीच वाया जातो असंही नाही. पाऊस बहुतेकदा सर कोसळून जातो, तसाच कधी सलग दोन-तीन दिवस ठाणही मांडतो. पण बा ॲटोलमधल्या (ॲटोल म्हणजे कड्यासारखा गोल पसरलेला प्रवाळ बेटांचा समूह) हनिफारू उपसागरात मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे मासे जमतात ते याच काळात, साधारण मे ते नोव्हेंबर. नैऋत्य वाऱ्याबरोबर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आत ढकललं जातं आणि ते खायला मांटा येतात. बा ॲटोल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे, आणि हनिफारूमध्ये स्कूबाला (पाठीवर हवेची टाकी लावून खोल जाण्याला) बंदी असून फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे चष्मा आणि नळी लावून वरच तरंगत बघणं, करता येतं. व्हेल शार्क बघायचा असेल तर दक्षिण आरी ॲटोल गाठा, तिथे तो वर्षभर दिसू शकतो. पाण्यातल्या जगासाठीच जाणार असाल तर ॲटोल इथेच ठरला आणि तुमची यादी निम्मी झाली.

माले विमानतळापासून पुढे

बजेट इथे कोसळतं. देश उत्तर-दक्षिण आठशेहून अधिक किलोमीटर पसरलेला, २६ नैसर्गिक ॲटोल, सुमारे १,२०० बेटं. विमानतळापासून रिसॉर्टला जायचे तीन मार्ग आहेत.

स्पीडबोट: माले ॲटोलमधल्या बेटांना २० मिनिटं ते तासभर. दिवसा-रात्री कधीही चालते, दर सगळ्यात कमी. बोट लागणाऱ्यांनी आणि पाठ-मानेचं दुखणं असणाऱ्यांनी पावसाळ्यात जपून, कारण लाटांवर ती चांगलीच आपटते.

सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान: लांबच्या ॲटोलना. वरून दिसणारं दृश्य अप्रतिम, यात वाद नाही. पण ही छोटी ट्विन ऑटर विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान मालेत दुपारी साडेतीनच्या आधी उतरलं नाही तर त्या दिवशीचं सीप्लेन गेलंच समजा, आणि रात्र विमानतळाला लागून असलेल्या हुलहुमालेत वेगळे पैसे देऊन काढावी लागते. परतीलाही तेच. तुमचं मुंबईचं विमान सकाळी लवकर असेल तर आदल्या दिवशी दुपारीच बेट सोडावं लागतं. शिवाय सीप्लेनची नेमकी वेळ बहुधा आदल्या संध्याकाळी कळते, आणि टर्मिनलवर दोन-तीन तास थांबणं ही तिथली सर्वसाधारण गोष्ट आहे. सामान २० किलो अधिक हातातलं ५ किलो, त्यापुढे किलोमागे पैसे. जाऊन-येऊन माणशी ४०० ते ६०० डॉलर, काही ठिकाणी त्याहून जास्त. नवरा-बायको आणि दोन मुलं असा हिशेब केला की खोलीचा दर विसरायला होतं.

देशांतर्गत विमान आणि पुढे बोट: अगदी उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या ॲटोलसाठी. रात्रीही उडतं, म्हणून संध्याकाळी उशिरा पोहोचणाऱ्यांना सीप्लेनपेक्षा सोयीचं.

माझा सरळ नियम: मुक्काम चार रात्री किंवा त्याहून कमी असेल तर स्पीडबोटचंच बेट. पाच-सहा रात्रींच्या पुढे सीप्लेनचा विचार करा. चार दिवसांच्या सहलीत सीप्लेनची वाट बघण्यात पहिला आणि शेवटचा दिवस गेला तर हातात उरतं काय?

विमानाची तिकिटं काढण्याआधी रिसॉर्ट ठरवा, किंवा निदान कोणत्या मार्गाने जायचं ते ठरवा. स्वस्त तिकीट आधी काढून टाकलं आणि ते मालेत संध्याकाळी उतरतंय, ही गोष्ट दर मोसमात कुणाची ना कुणाची घडते.

आकाशातून बेट बघा

रिसॉर्टच्या वेबसाइटवर सगळी बेटं सुंदर असतात. त्यामुळे तिथून उठा आणि गूगल मॅप्सवर बेटाचं नाव टाकून उपग्रहचित्र उघडा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ब्रोशरमध्ये न छापलेल्या बऱ्याच गोष्टी तिथे दिसतात.

आधी पाण्याचा रंग बघा. फिकट फिरोजी, जवळजवळ पांढरट पट्टा म्हणजे तळाशी वाळू आणि उथळ पाणी. त्यात तपकिरी-करडे डाग म्हणजे प्रवाळ किंवा समुद्री गवत. आणि जिथे फिकट रंग एकदम गडद निळा होतो ती रीफची, म्हणजे प्रवाळाच्या खडकाची कड. तिथून तळ खोल जातो आणि मासे खरे तिथेच असतात. ही कड किनाऱ्यापासून किती लांब आहे ते मॅपवरच्या मोजपट्टीने मोजा. तीस-चाळीस मीटर असेल तर तुम्ही स्वतः पोहत जाऊन रीफ बघू शकता, तीही फुकट आणि दिवसातून तीनदा. सातशे-आठशे मीटर असेल तर प्रत्येक स्नॉर्केलिंगसाठी बोटीचे पैसे.

बेटाला लागून असलेल्या या रीफला तिथे हाउस रीफ म्हणतात. बारोस, दक्षिण आरीतलं विलामेंधू ही नावं मुख्यतः चांगल्या हाउस रीफसाठी घेतली जातात. याउलट मोठं वालुकामय लगून (रीफच्या आतलं उथळ, शांत पाणी) असलेल्या बेटांवर पाण्याचा रंग फोटोत वेड लावणारा, उतरायला सुरक्षित, पण चष्मा लावून खाली बघितलं तर वाळू आणि वाळूच. दोन्हीत चूक-बरोबर काही नाही. ज्याला पोहता येत नाही त्याला उथळ लगूनच हवं, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडून वॉटर व्हिलात जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पोहता येत नाही. फक्त काय विकत घेतोय ते आधी माहीत हवं. फिरोजी पाणी आणि दारात रंगीबेरंगी मासे या दोन गोष्टी एकाच जिन्याखाली क्वचितच मिळतात.

प्रवाळांबद्दल एक कटू गोष्ट. १९९८, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापल्याने मालदीवमधले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. जुन्या फोटोतली बाग आज तशीच असेल असं नाही. म्हणून रीफबद्दलचे अभिप्राय वाचताना गेल्या वर्षभरातलेच वाचा. मासे, कासवं, छोटे शार्क मात्र अजून भरपूर दिसतात.

दुसरं, बेट नैसर्गिक आहे की भराव टाकून केलेलं? मालेच्या आसपास अलीकडे लगूनमध्ये वाळू उपसून नवी बेटं बनवली आहेत. उपग्रहचित्रात ती कडा आखून कापल्यासारखी दिसतात. रिसॉर्ट नवंकोरं, खोल्या चकाचक, जायला सोपं. पण झाडं लहान, सावली कमी, आणि किनाऱ्यालगत रीफ जेमतेम. नारळ-केवड्याची गच्च झाडी हवी असेल तर जुनं बेट बघा.

तिसरं, शेजार. बाजूच्या बेटावर बांधकाम चालू आहे का, समोर मालेच्या इमारती किंवा थिलाफुशी दिसते का? थिलाफुशी म्हणजे मालेचा कचरा जिथे वर्षानुवर्षं टाकला गेला ते बेट. 'एकांत' विकत घेऊन समोर क्रेन बघत बसायचं नसेल तर हे आधीच तपासा.

आता खोली

बेट ठरलं की मग वॉटर व्हिला. एकाच रिसॉर्टमध्ये त्यांचे पाच-सहा प्रकार आणि तितकेच दर असतात. त्यातले काही फरक मोलाचे, बाकीचे नुसते नावाचे.

सूर्यास्ताची बाजू की सूर्योदयाची, यासाठी जादा पैसे घेतात. पैसे देण्याआधी वाऱ्याचा विचार करा. डिसेंबर ते एप्रिल वारा ईशान्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची म्हणजे सूर्यास्ताची बाजू बहुधा आडोशाला असते, पाणी शांत. तेव्हा जादा पैसे वसूल. जून ते सप्टेंबर उलटं: वारा आणि लाटा पश्चिमेकडूनच, डेकवर खुर्ची उडते, जिन्यावरून उतरायची सोय राहत नाही, रात्रभर खांबांवर पाणी आपटत राहतं. त्या दिवसांत स्वस्तातली सूर्योदयाची बाजू जास्त सुखाची. बेट ॲटोलच्या आत आहे की बाहेरच्या कडेवर, यावर हे थोडं बदलतं, पण ढोबळ हिशेब हाच.

खोलीखालचं पाणी किती खोल, हे सरळ विचारा. ओहोटीला कित्येक ठिकाणी ते जेमतेम गुडघाभर उरतं. न पोहणाऱ्याला छान, पण डेकवरून सूर मारायची स्वप्नं बघणाऱ्याचा हिरमोड. दुसरीकडे रीफच्या कडेवर बांधलेल्या व्हिलांखाली पाणी खोल आणि प्रवाह जोरदार असू शकतो.

खोलीची जागा नकाशावर बघा. पाण्यावरच्या खोल्यांकडे नेणाऱ्या लाकडी धक्क्याच्या सुरुवातीच्या खोल्यांसमोरून दिवसभर बग्या (बॅटरीवरच्या छोट्या गाड्या) आणि माणसं जातात. अगदी टोकाच्या खोल्या निवांत, पण नाश्त्याला जायला पंधरा मिनिटं चालायचं किंवा बगीची वाट बघायची. बोटी किंवा सीप्लेन लागतात त्या धक्क्याजवळची खोली नको; इंजिनांचा आवाज सकाळपासून सुरू होतो. आणि दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या असलेल्या धक्क्यावर शेजारच्या डेकवरून तुमचा डेक दिसतो का ते पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंत बघा. हनिमूनला गेलेल्यांनी तर नक्कीच.

काचेची फरशी ही पहिल्या संध्याकाळची गंमत. त्यासाठी जादा पैसे देऊ नका. खासगी पूलबद्दल मतभेद होतील. मला विचाराल तर समोर अख्खा समुद्र असताना तो बहुतेकांना लागत नाही, अपवाद पोहता न येणाऱ्यांचा आणि पावसाळ्यात जाणाऱ्यांचा. त्यांना तो खराच उपयोगी पडतो. घसरगुंडी लावलेल्या व्हिलांबद्दल मी काही बोलत नाही, मुलं बोलतील.

सगळ्या रात्री पाण्यावर काढायलाच हव्यात असंही नाही. पाच रात्रींत तीन किनाऱ्यावरच्या व्हिलात आणि दोन पाण्यावर, अशी विभागणी केली तर पैसे वाचतात आणि बेट दोन्ही बाजूंनी अनुभवता येतं. किनाऱ्याच्या रात्री आधी ठेवा. पोहोचायच्या दिवशी तुम्ही दमून संध्याकाळी खोलीत शिरणार. सगळ्यात महागडी रात्र झोपण्यात घालवायची कशाला? खोली बदलायच्या दिवशी दुपारी बारा ते दोन-तीन हातात खोली नसते, तेवढी तयारी ठेवा. सामान रिसॉर्टची माणसं हलवतात.

बरोबर कोण आहे?

लहान मुलं असतील तर दर बघण्याआधी रिसॉर्टचा नियम वाचा. काही रिसॉर्टं पूर्णपणे प्रौढांसाठी असतात, आणि अनेक ठिकाणी लहान मुलांना, कुठे कुठे १२ वर्षांखालच्या सगळ्यांना, वॉटर व्हिलात ठेवत नाहीत किंवा आई-वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात. कठडे नसलेला डेक आणि खाली समुद्र, त्यामुळे ते बरोबरच आहे. धावत्या वयाचं मूल असेल तर किनाऱ्यावरचा व्हिला घ्या. नाहीतर चार दिवस तुम्ही दाराच्या कडीकडेच बघत बसाल.

आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर तीन गोष्टी: गुडघे, न्हाणीघर आणि दवाखाना. बोटीत चढता-उतरताना आणि सीप्लेनच्या अरुंद शिडीवर गुडघ्यांचा कस लागतो. अनेक व्हिलांची न्हाणीघरं उघड्या आकाशाखाली किंवा काचेची असतात, एकत्र कुटुंबाला ती अवघड जातात. आणि बेटावर डॉक्टर आहे की फक्त नर्स, ते विचारा. मोठी इस्पितळं मालेत आहेत. वैद्यकीय प्रवास विमा त्यासाठीच.

नवविवाहितांना बरीच रिसॉर्टं सवलत, केक, एखादं जेवण असं काही देतात. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मागतात आणि लग्नाला अमुक महिन्यांच्या आत अशी अट असते. महापालिका किंवा ग्रामपंचायतीतली नोंदणी हनिमूनहून आल्यावर करू म्हणून ठेवली की ही सवलत गेली.

जेवण: इथे कंजुषी करू नका

फक्त नाश्ता असलेला दर आकर्षक दिसतो. पण बेटावर वडापावची गाडी नाही. मध्यम दर्जाच्या रिसॉर्टमध्येही दुपारचं साधं पास्ता-सँडविच कर धरून ३०-४० डॉलरपर्यंत जातं, रात्रीचं त्याहून वर. त्यामुळे निदान नाश्ता आणि रात्रीचं जेवण, म्हणजे हाफ बोर्ड घ्याच. भरपेट नाश्ता उशिरा करणाऱ्या जोडप्याचं त्यात भागतं. मुलं असतील तर फुल बोर्ड, म्हणजे दुपारचं जेवणही.

फुल बोर्डमध्ये पेयं धरलेली नसतात, कधीकधी जेवणासोबतचं पाणीसुद्धा. ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे जेवणाबरोबर पेयंही धरलेला दर, घेताना यादी मागवा: त्यात कोणती रेस्टॉरंटं येतात, मिनीबार येतो का, एखादी सफर येते का, आणि शेवटच्या दिवशी ते किती वाजता संपतं. दारू पिणाऱ्यांना ते हमखास परवडतं. न पिणाऱ्यांना बऱ्याचदा फुल बोर्डच स्वस्त पडतं. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

शाकाहारी किंवा जैन जेवण बहुतेक मोठ्या रिसॉर्टमध्ये मिळतं, स्वयंपाकघरात भारतीय आचारीही बऱ्याच ठिकाणी असतात. तरी आधी लिहून कळवा आणि लेखी होकार घ्या. तिथल्या जेवणात टूना कुठेही असू शकतो. मासे खाणाऱ्यांनी मात्र एका सकाळी मास हुनी मागवावं: टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, आणि बरोबर रोशी, जी आपल्या पोळीच्या फार जवळची. बुफेच्या सॉसेज-क्रोसाँपेक्षा कोकणी जिभेला ते कितीतरी आपलं वाटेल.

दर कसा वाचायचा

रिसॉर्टच्या दराशेजारी दोन अधिक चिन्हं असतील तर तो दर अर्धवट आहे. त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि मग त्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन जीएसटी लागतो. जून २०२५ पर्यंत तो १६ टक्के होता. याशिवाय हरित कर: जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला १२ डॉलर, दोन वर्षांखालच्या मुलांना माफ.

उदाहरणार्थ, ४०० डॉलरची खोली. १० टक्के धरून ४४०, त्यावर १७ टक्के म्हणजे ५१४.८०. चार रात्रींचे २,०५९.२०. दोघांचा चार दिवसांचा हरित कर ९६. झाले २,१५५.२०. त्यात दोघांचं सीप्लेन माणशी ५०० धरून हजार मिळवा: ३,१५५.२०. म्हणजे '४०० डॉलर रात्र' प्रत्यक्षात जवळपास ७८९ डॉलर रात्र झाली, आणि अजून जेवण धरलेलंच नाही. हेच ५५० डॉलरच्या स्पीडबोटवाल्या बेटाचं करून बघा, जिथे बोटीचे दोघांचे ३०० पडतात. तिथे बेरीज ३,२२७.४० येते. कागदावर दीडशे डॉलरने महाग दिसणारी खोली चार रात्रींत जेमतेम ७२ डॉलरने महाग, आणि वर प्रवासातला वेळ वाचला.

प्रत्येक पर्यायाचा असा शेवटचा आकडा काढून मगच तुलना करा. बुकिंगच्या साइटवर, रिसॉर्टच्या स्वतःच्या साइटवर आणि एजंटकडे, तिन्हीकडे दर बघा. मालदीवच्या बाबतीत आपल्याकडच्या एजंटांना रिसॉर्टकडून बऱ्यापैकी सवलतीचे दर मिळतात, त्यामुळे 'थेट बुकिंग म्हणजे स्वस्त' हा नियम इथे चालतोच असं नाही. पॅकेज घेतलं तर एजंट टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आगाऊ कर, कापून घेईल. तो आयकरात वळता करून घेता येतो, म्हणून पॅन बरोबर दिलाय ना ते पाहा आणि प्रमाणपत्र मागा. बेटावरचं बिल डॉलरमध्ये आणि बहुधा कार्डाने. आपल्या क्रेडिट कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार किती ते आधी बघा, फॉरेक्स कार्ड कदाचित स्वस्त पडेल.

पैसे भरण्याआधी एक ईमेल

रिसॉर्टच्या आरक्षण विभागाला किंवा एजंटला हे प्रश्न लेखी विचारा. उत्तरं किती नेमकी येतात यावरूनही बेटाचा अंदाज येतो.

- सर्व कर, हरित कर आणि येण्या-जाण्याचा खर्च धरून एकूण रक्कम किती?
- आमच्या विमानाच्या या वेळांना त्याच दिवशी बोट किंवा सीप्लेन मिळेल का?
- आमच्या प्रकारचा व्हिला नकाशावर कुठल्या भागात आहे, आणि ओहोटीला खाली पाणी किती असतं?
- त्या तारखांना बेटावर किंवा शेजारी बांधकाम, दुरुस्ती, वाळूउपसा चालू असेल का?
- स्नॉर्केलिंगचं साहित्य, लाइफ जॅकेट आणि कयाक फुकट की भाड्याने?
- मुलांचं वय इतकं आहे, त्यांना या खोलीत परवानगी आहे का आणि त्यांचे जेवणाचे पैसे किती?
- रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत?

'बांधकाम नाही' हे उत्तर जपून ठेवा. पोहोचल्यावर समोर ड्रिल सुरू असेल तर खोली बदलून मागताना तेच कामी येतं.

हे सगळं खिशाबाहेर जात असेल तर

मधला रस्ता आहे. स्थानिक वस्तीच्या बेटांवर २००९-१० च्या सुमारास अतिथिगृहांना परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून माफुशी, धिगुरा, थोड्डू, उकुलहास अशा बेटांवर खोल्या रिसॉर्टच्या कितीतरी कमी दरात मिळू लागल्या. ५० पेक्षा कमी खोल्यांच्या अतिथिगृहात हरित करही निम्मा, ६ डॉलर. माफुशी विमानतळापासून स्पीडबोटने साधारण ४० मिनिटांवर. धिगुरा दक्षिण आरीत, व्हेल शार्कच्या वाटेवर. या बेटांवर दारू मिळत नाही, पोहण्याचे तोकडे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात, आणि शुक्रवारी सरकारी बोटींच्या फेऱ्या जवळजवळ बंद असतात. तीन रात्री इथे राहून सफरी करायच्या आणि शेवटच्या एक-दोन रात्री जवळच्याच ॲटोलमधल्या रिसॉर्टच्या वॉटर व्हिलात, हे गणित तरुण जोडप्यांना छान जमतं. त्याहून कमी पैशात काही रिसॉर्टं दिवसभराचा पासही देतात.

निघण्याआधी

भारतीयांना व्हिसा मालेत उतरल्यावर विनाशुल्क मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ हवं. प्रवासाच्या आधी ९६ तासांत 'इमुगा' हा ऑनलाइन अर्ज भरायचा, तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

दारू आणि डुकराचं मांस देशात न्यायला मनाई आहे. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधली बाटलीही कस्टम्स ठेवून घेतं. ई-सिगारेटवर २०२४ पासून बंदी आहे. पूजेच्या मूर्ती नेण्यासही मनाई आहे, तेव्हा प्रवासी बॅगेतला छोटा गणपती या वेळी घरीच राहू दे. ड्रोनला आधी परवानगी लागते.

पोहता येत नसेल तर जाण्याआधी महिनाभर जवळच्या तलावात चष्मा आणि नळी लावून श्वास घ्यायची सवय करा. तारकर्लीला एखादी सुट्टी काढून समुद्रात ती सवय पक्की केलीत तर आणखी चांगलं. लाइफ जॅकेट घालून, तोंड पाण्यात ठेवून शांतपणे तरंगता आलं तरी मालदीवचा निम्मा आनंद पदरात पडतो. पाण्यात उतरताना सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंग शर्ट घाला. पाठ भाजत नाही आणि प्रवाळांनाही त्रास होत नाही. पाय मात्र प्रवाळावर कधीच टेकवायचा नाही. तो मरतो, आणि तुमचा तळवाही फाटतो.

स्कूबा करणार असाल तर शेवटची डुबकी आणि परतीचं विमान यांत किमान १८ तास ठेवा. त्यापेक्षा शेवटचा दिवस कोरडाच ठेवलेला बरा. आणि बेट सोडायच्या आदल्या संध्याकाळी स्वागतकक्षातून बिलाची प्रत मागून ओळ न् ओळ तपासा. मिनीबारमधलं न प्यायलेलं पाणी, फुल बोर्डमध्ये धरलेलं जेवण पुन्हा लावलेलं, दुसऱ्याच खोलीचा मसाज, असल्या चुका रात्री शांतपणे दुरुस्त होतात. सकाळी सात वाजता बोट सुटायच्या घाईत कुणालाच वेळ नसतो.